कच्चा घाणा

शाळेत जाण्याआधी मी शेडमध्ये डोकावले, तेव्हा आईपासून तोडलेल्या डुकरांच्या पिल्लांच्या कप्प्यात दोन पिल्लं आडवी पडली होती. एकाचे पाय अजून हलत होते. बाकीची भिंतीला चिकटून, एकमेकांवर अंग टाकून उभी होती आणि सगळ्यांची मागची बाजू पिवळ्या पातळ हगवणीनं माखली होती. सोमवारपर्यंत हीच पिल्लं खाण्याच्या डोणीवर चढाचढ करत होती.

माझे यजमान शांतवन कप्प्याच्या लोखंडी नळीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. आमच्याकडे कामाला असलेली ठकूमावशी पलीकडे बादलीत चुना कालवत होती.

"डॉक्टरांना फोन केलात?" मी विचारलं.

"केला. येतायत."

मी शाळेत निरोप पाठवला आणि थांबले. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. त्या गुरुवारी कोण कुठं उभं होतं, हे मला अजून सांगता येतं.

शांतवन सतरा वर्षं श्रीरामपूरच्या एका बेकरीत भट्टीवर होते. पाव झाला की नाही हे ते भट्टीचं दार न उघडता, नुसत्या वासावरून सांगायचे. पुढं मालकाच्या मुलानं विजेची भट्टी आणली, तिला घड्याळ होतं, आणि शांतवन घरी आले. कालव्याच्या कडेला आमची सव्वा एकर जमीन होती. तिथं त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि आठ माद्या आणून डुकरं पाळायला सुरुवात केली. आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्याचं कुणाला वावडं नव्हतं. मोठी झालेली जनावरं पुण्याची गाडी येऊन घेऊन जायची.

अडचण यायची ती लहान पिल्लांच्या खाण्याची. दूध तुटल्यावर पहिले चार-पाच आठवडे त्यांना ताकदीचं आणि पचायला हलकं खाणं लागतं. ते तयार पोत्यांत यायचं, पण आमच्याकडे वेळेवर कधीच पोचायचं नाही. तेव्हा आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी, कुलथ्यांनी, सोयाबीनचा मार्ग सांगितला. सोयाबीन आमच्या भागात भरपूर. त्यात तेलही असतं आणि अंग भरणारा कसही असतो. फक्त ते कच्चं चालत नाही. कच्च्या दाण्यात असं काहीतरी असतं की जे खाल्लेलं पचू देत नाही. मोठं जनावर ते थोडंफार सोसतं, पिल्लू सोसत नाही. म्हणून दाणा भाजायचा. कमी भाजला तर विष, जास्त भाजला तर कस जळून जातो.

शांतवननी वेल्डरकडून एक ऑइलचं पिंप आडवं बसवून घेतलं. आरपार दांडा, एका टोकाला फिरवायचा हात, खाली उसाच्या चिपाडांचा जाळ. पिंप ठकूमावशी फिरवायची. शांतवन तोंडाशी लांब दांड्याचा डाव घेऊन उभे राहायचे. सुरुवातीला दाण्याला हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. मग तो वास जातो आणि थोडा वेळ कसलाच येत नाही. त्यानंतर फुटाण्यांसारखा खमंग वास सुटतो. तो सुटल्यावर प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईल एवढाच अवकाश, असं शांतवन सांगायचे, तेवढ्यात काढायचं. दाणे गोणपाटाखाली अर्धा तास झाकून ठेवायचे, म्हणजे आतल्या उष्णतेनं उरलंसुरलं शिजतं. मग गार करून भरडायचे. हे काम दर शनिवारी सकाळी चालायचं. मी त्या वेळी शाळेत असायचे, त्यामुळे भाजणं मी दोन-चारदाच पाहिलं होतं. दोन वर्षं एकही पिल्लू पोटानं गेलं नाही. डॉक्टर दुसऱ्या शेतकऱ्यांना आमची शेड दाखवायला घेऊन यायचे.

डॉक्टर कुलथे त्या गुरुवारी साडेआठला आले. त्यांनी पिल्लं उचलून पाहिली, औषध पाजलं आणि डोणीतलं खाद्य हातावर घेऊन चोळलं. मग पिशवीतून नारिंगी पाण्याची बाटली काढली, बशीत थोडं ओतलं आणि भरडलेलं सोयाबीन चिमटीनं त्यावर भुरभुरवलं.

"पाच मिनिटं थांबा," ते म्हणाले. "दोन-चार लाल ठिपके दिसले तर ठीक."

पाच मिनिटं लागलीच नाहीत. बशी कुंकू सांडल्यासारखी लाल झाली.

"हे कच्चं आहे," डॉक्टर म्हणाले. "बरंच कच्चं. शांतवनराव, हे तुमच्या हातून कसं झालं?"

शांतवन म्हणाले, "झालं खरं."

सगळं खाद्य फेकून द्या, दोन दिवस नुसती तांदळाची पेज आणि मीठ-साखरेचं पाणी द्या, असं सांगून डॉक्टर गेले. बाटली त्यांनी आमच्याकडेच ठेवली. यापुढं प्रत्येक घाणा तपासा म्हणाले. त्यांची मोटरसायकल कालव्याच्या पुलावर गेली आणि शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो.

मी ठकूमावशीकडे वळले. "मावशी, शनिवारी तू शेवटपर्यंत होतीस का?"

तिनं आधी शांतवनकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाय. बाराला गेले."

"पिंप चालू असताना?"

"व्हय. पोरगा आलता सायकलवर. सुनंला दवाखान्यात नेलं म्हनून सांगाया."

"मग हा घाणा काढला कुणी?"

ती बोलली नाही. शांतवन पिल्लांकडे बघत होते. मी तेव्हा अठरा वर्षं शाळेत शिकवत होते. वर्गात विचारल्यावर जे मूल गप्प बसतं त्याच्याच हातून काच फुटलेली असते, असं मी धरून चालायचे.

"तुला जायची घाई होती," मी म्हणाले. "तू दाणे तसेच उपसलेस आणि गेलीस. यांना म्हणालीस झालं म्हणून. होय ना?"

"बाई, तसं न्हाय."

"मग कसं?"

तिनं पुन्हा शांतवनकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस? ते भिडस्त आहेत म्हणून तुझं चालतं. उद्यापासून येऊ नकोस."

ठकूमावशीनं चुन्याचे हात बादलीत धुतले, पदराला पुसले. खुंटीवरची डब्याची पिशवी घेतली. शांतवनच्या जवळून जाताना ती थांबली आणि म्हणाली, "भाऊ, त्या कोपऱ्यातल्या बारक्याला चमच्यानं पाजा. त्याला उठवत न्हाय." मग ती फाटकाबाहेर गेली. शांतवन नळीला धरून तसेच उभे होते.

रविवारपर्यंत बेचाळीसपैकी अकरा पिल्लं गेली. शांतवन एकेक पिल्लू पोत्यात घालून बांधावर नेत होते आणि चुना टाकून पुरत होते. मी मदतीला गेले तर म्हणायचे, तू राहू दे. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही तिथंच होतात ना, मग तिला कच्चं कसं काढू दिलंत. ते म्हणाले, लक्ष नव्हतं. मला त्यांचा राग आला. त्या आठवड्यात आम्ही फार बोललो नाही.

पुढच्या शनिवारी मी शाळेतून रजा घेतली आणि पिंपाचा हात स्वतः धरला. मुद्दामच धरला. काम नीट केलं की नीट होतं, हे मला दाखवायचं होतं. ते काम किती अंगावर येतं ते मला पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं. शांतवन तोंडाशी उभे होते. ते डावानं दाणे काढत, फोडून बघत, चावून बघत, पुन्हा आत टाकत. दर थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ पाहत. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासानं ते म्हणाले, "काढ आता."

"अजून हिरवट वास येतोय," मी म्हणाले.

"मला शिकवू नकोस."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते. मी पिंप तिरकं केलं. दाणे गोणपाटावर ओतले, झाकले. अर्ध्या तासानं मूठभर दाणे घरात नेऊन पाट्यावर वाटले आणि डॉक्टरांच्या बाटलीतलं पाणी बशीत घेऊन त्यावर भुरभुरवले.

बशी लाल झाली.

ती तशीच घेऊन मी बाहेर आले. शांतवन जाळ विझवत होते. मी बशी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग ते पिंपाशेजारच्या दगडावर बसले.

"मला वास येत नाही, सुवार्ता," ते म्हणाले.

मला वाटलं सर्दी झाली असेल. तसं मी म्हणालेही.

"सर्दी नाही. ईस्टरच्या आधीपासून येत नाही. कशाचाच नाही."

तेव्हा नोव्हेंबर चालू होता. मी मनातल्या मनात महिने मोजले. आठ. आठ महिन्यांत या पिंपातून तीस-पस्तीस घाणे निघाले होते आणि त्या शनिवारआधी एकही कच्चा नव्हता.

"मग इतके दिवस कसं भाजत होतात?"

"मावशी सांगायची. म्हणजे तसं सांगायची नाही. फिरवता फिरवता हात थांबवायची आणि म्हणायची, भाऊ, बघा बरं. मग मी डाव घालून बघितल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, काढा."

"आणि त्या शनिवारी?"

"ती म्हणत होती जाळ विझवून ठेवू, मी संध्याकाळी येते. मीच म्हणालो जा, मी काढतो. रंगावरून जमेल असं वाटलं. जळेल म्हणून भ्यायलो आणि लवकर काढलं."

मी उभीच होते. बशीतलं लाल पाणी माझ्या बोटांवर सांडलं होतं.

"मी तिला काढून टाकलं तेव्हा तुम्ही तिथं होतात," मी म्हणाले.

"होतो. आत्ता बोलतो, आत्ता बोलतो, असं चाललं होतं माझं. तोवर ती फाटकाबाहेर गेली."

"पण मला का नाही सांगितलंत? मी काय केलं असतं?"

ते विझत्या चिपाडांकडे बघत होते. "बेकरी सुटली तेव्हा मी तीन-चार महिने काम शोधत होतो," ते म्हणाले. "एकदा जेवताना तू म्हणालीस, तुमच्याकडे एक नाक सोडलं तर दुसरं आहे काय. खोटं नव्हतंच ते. मग तेही गेलं म्हटल्यावर तुला कोणत्या तोंडानं सांगणार?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवसांत मी थकलेली असायचे, शाळा करून शिकवण्या घ्यायचे, बोलले असेन. पण ते वाक्य मला आठवलं नाही. आजही आठवत नाही.

त्याच दुपारी मी ठकूमावशीच्या घरी गेले. ओढ्यापलीकडे पाच-सहा घरं होती, त्यातलं शेवटचं तिचं. ती ओट्यावर नातवाला पायांवर घेऊन अंघोळ घालत होती. मला पाहून तिनं सुनेला हाक मारून पाट आणायला सांगितलं. मी पाटावर बसले. येताना वाटेत मी जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काही तोंडातून आलं नाही. मी एवढंच म्हणाले की यांनी मला सगळं सांगितलं.

"सांगितलं का," ती म्हणाली. "बरं झालं. त्याच गुरुवारी सांच्याला भाऊ आलते इथं. तुम्ही बसलात तिथंच बसले व्हते. दोन दिस द्या म्हनले, मी सांगतो तिला. मी म्हनलं, भाऊ, माझं काय न्हाय, पर सांगा."

"तुला त्यांनी आधीच सांगितलं होतं?"

"न्हाय वो. मलाच कळलं. एक डाव त्यांच्या पाठीमागं चिंधी जळत व्हती, ठिणगी उडून. मला लांबनं वास आला आन् त्यांना पाठीशी असून कळंना. तवापासून मी ध्यान ठेवत गेले."

"मग मला का नाही बोललीस? त्या दिवशी तरी?"

तिनं पोराच्या डोक्यावर पाणी घातलं, हातानं निपटलं. "बाई, ज्याचं दुखनं त्यानं सांगावं. मी सांगितलं असतं तर तुमच्या म्होरं त्यांची मान खाली गेली असती."

तिनं पोराला फडक्यात गुंडाळून सुनेकडे दिलं आणि माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "पर आता तुम्ही आलाच आहात तर सांगते. ह्ये नुसतं नाकाचं न्हाय. मागल्या म्हयन्यात दोनदा भाऊ पिंपाम्होरं नुसते उभे ऱ्हायले. हाका मारल्या तर ध्यानच न्हाय. आन् एकदा मला त्यांनी त्यांच्या आईच्या नावानं हाक मारली. तुम्ही त्यांना मोठ्या डाक्टरकडं न्या. उद्या-परवा करू नका."

परत येताना मला एकेक गोष्ट दिसायला लागली. शांतवननी कितीतरी दिवसांत जेवणाला नावं ठेवली नव्हती, आणि मला ते सुखाचं वाटलं होतं. कालवणात वरून मीठ घ्यायला लागले होते. पेपर वाचताना एक डोळा मिटून धरायचे. मी हे सगळं पाहिलं होतं.

सोमवारी आम्ही नगरला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या दवाखान्यात मशीनमध्ये डोक्याचे फोटो काढले. कपाळाच्या मागं, वासाच्या नसेला धरून गाठ वाढली होती. डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलायचे. ते म्हणाले की ही गाठ हळू वाढते, पहिल्यांदा वास जातो, आणि बहुतेक लोक त्याकडे लक्ष देत नाहीत. आता ती बरीच मोठी झाली होती. लगेच काढावी लागणार होती. आधी आणलं असतं तर, असं ते म्हणायला लागले आणि थांबले.

मग कागद भरायला घेतला. वास केव्हा गेला ते शांतवननी सांगितलं. नंतर डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"माझ्या नाही आलं," मी म्हणाले. "आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींच्या आलं."

डॉक्टरांनी ते लिहिलं. शांतवननी टेबलाखाली माझा हात धरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांचं डोकं भादरलं होतं. ते उशीला टेकून बसले होते आणि शेडची चौकशी करत होते. मी सांगितलं की ठकूमावशी पुन्हा रोज येते, तिनं शनिवारी एकटीनं घाणा काढला आणि डॉक्टर कुलथ्यांनी तपासला, दोनच ठिपके आले. कोपऱ्यातलं बारकं पिल्लू जगलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जगलं. ते खरं नव्हतं. ते पिल्लू त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी गेलं होतं आणि त्यांनीच पुरलं होतं. पण ते त्यांना आठवत नव्हतं, म्हणून मी तसं म्हणाले.

ऑपरेशन सात तास चाललं. शुद्धीवर ते आले, दोन दिवस मला ओळखलंही. मग ताप चढला आणि उतरला नाही. नवव्या दिवशी पहाटे ते गेले. आम्ही त्यांना गावी आणलं. मंडळीचे लोक जमले, पाद्रीसाहेबांनी वचन वाचलं. ठकूमावशी दफनभूमीच्या कुंपणापाशी बायकांच्या मागं उभी होती. मातीची मूठ टाकायला मी तिला पुढं बोलावलं. ती आली, माती टाकली आणि परत मागं जाऊन उभी राहिली.

पाहुणे चौथ्या दिवशी गेले. दुपारी मी शेडवर गेले. ठकूमावशी डोणी घासत होती. उरलेली पिल्लं आता चांगली अंगानं भरली होती, तिच्या पायांत येत होती. मी नळीला टेकून उभी राहिले. जे तिच्या ओट्यावर बोलता आलं नव्हतं ते बोलायला मी आले होते.

"मावशी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर घालून पाडून बोलले."

तिनं हातातली घासणी खाली ठेवली.

"सगळे कुठं व्हते, बाई," ती म्हणाली. "भाऊच तर व्हते."

मग तिनंच पुढं म्हटलं, "माझं काय, मी बोलनी ऐकत म्हातारी झाले. मी घरी गेले, नातवाला मांडीवर घेतलं, इसरून गेले. पर तुम्ही मला बोलत व्हतात आन् ऐकत त्ये व्हते. त्ये सगळं त्यांनाच लागत व्हतं. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं."

मी तिथंच जमिनीवर बसले. ठकूमावशी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचे हात ओले होते, म्हणून तिनं मला हात लावला नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.